मूठ दाखवली की थांबायचं

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत. नवेगाव बांधच्या नळयोजनेचा व्हॉल्व्ह मी आता दोन्ही हातांनी फिरवतो. आधी एका हाताने फिरवायचो आणि दुसऱ्या हातात चहाचा कप असायचा. तेवढं सोडलं तर माझं बरं आहे. जेवतो, भांडतो, सायकल चालवतो.

हे लिहायला बसलो त्याचं कारण देवरीकडचा एक माणूस. मागच्या महिन्यात पत्ता विचारत विचारत घरी आला. त्याच्या भावाला तोच आजार झाला होता, जो मला झाला होता. दारात उभ्या उभ्याच म्हणाला, "भाऊ, तो बोलत नाही जी. नुसता पाहून राहते. आमी काय करावं?" मी त्याला बसवलं, चहा पाजला आणि जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे. डॉक्टरकीचं काही सांगणार नाही. ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

पण आधी बेसबॉलचं सांगावं लागेल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

कोंड्याचे बेस

नव्व्याण्णव साली गावच्या शाळेत व्यायामाचे एक सर बदलून आले. त्यांच्या पेटीत एक बॅट, दोन चेंडू आणि चार चामड्याचे ग्लोव्ह होते. शाळेतल्या पोरांच्या बापांनी "हे कोणतं खूळ" म्हणून पोरं काही पाठवली नाहीत. आम्ही विशी-बाविशीचे रिकामे गडी शाळेच्या भिंतीवर बसलेले असायचो. सरांनी आम्हालाच धरलं. दोन वर्षांनी सरांची बदली झाली, पण खेळ राहिला. पुढे चिचगड, देवरी, अर्जुनीच्या गड्यांनीही टीमा काढल्या. धान कापून झालं की होळीपर्यंत दर रविवारी सामने. आम्ही त्याला ऐटीत लीग म्हणायचो. पोत्याचे तुकडे शिवून त्यात धानाचा कोंडा भरायचा, तो झाला बेस, म्हणजे पळत जाऊन पाय टेकायचा टप्पा. तलावात मासे धरणाऱ्या ढीमरांकडून जुनं जाळं मागून आणून बांबूला ताणायचं, म्हणजे चेंडू मागे तलावाकडे जात नाही.

मी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. शालिक कॅचर. तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू पकडतो. शालिकची इटियाडोह धरणाच्या कालव्यावर धानाची शेती. माणूस आडवातिडवा, बोलणं दगडासारखं. पण त्याची बोटं फार शहाणी. बेसबॉलात पिचर आणि कॅचर बोलत नाहीत, कारण मधे फलंदाज उभा असतो. कॅचर दोन गुडघ्यांच्या मधे हात नेऊन बोटं दाखवतो. आमच्यात एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वाकडा, तीन म्हणजे हळू. पटलं तर पिचर मान हलवतो, नाही पटलं तर नाही म्हणतो, मग तो दुसरी खूण देतो. आणि मूठ दाखवली की थांबायचं. मी भडक डोक्याचा. दोन चेंडू मार खाल्ले की तिसरा घाईत टाकायचो. शालिकची मूठ दिसली की मी चेंडू टाकायच्या मातीच्या उंचवट्यावरून खाली उतरायचो, हात पुसायचो, दमानं श्वास घ्यायचो. मग पुन्हा वर.

आणखी एक चलाखी होती. समोरच्या टीमचा गडी दुसऱ्या बेसवर पोचला, की तो माझ्या पाठीमागे असतो आणि त्याला शालिकची बोटं सरळ दिसतात. तो लगेच फलंदाजाला इशारा करणार. म्हणून दुसऱ्या बेसवर गडी असला की शालिकची पहिली खूण खोटी आणि दुसरी खरी. बारा वर्षांत आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ठरवावंही लागत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे याच चलाखीने दवाखाना डोक्यावर घेतला.

माझ्या बायकोला, वंदनाला, या खेळाचा राग होता. रविवारी एकच दिवस मी घरी असायचो आणि तोही मैदानावर. ती स्वतः कधी मैदानावर आली नाही. दिवस कलायला लागला की आमच्या शीतलला धाडायची. शीतल जाळ्यामागे उभी राहून ओरडायची, "बाबा, आई म्हणते बस झालं आता!" चिचगडचे गडीसुद्धा मला चिडवायला हेच ओरडायचे.

तो रविवार

आठवडाभर आधी मला हगवण लागून गेली होती. ती बरी झाली, पण पायाच्या तळव्यांना मुंग्या येत राहिल्या. शनिवारी व्हॉल्व्ह फिरवताना हात घसरला. मी म्हटलं अशक्तपणा असेल. रविवारी चिचगडशी सामना होता, तो थोडाच सोडणार?

बुटाची लेस बांधता येईना. दिलीपने, आमच्या पहिल्या बेसच्या गड्याने, बांधून दिली आणि वर "म्हातारा झाला बे" म्हणून हसला. पहिला चेंडू टाकला तो फलंदाजापर्यंत पोचलाच नाही. दुसरा हातातूनच गळला. शालिक उठून माझ्याकडे चालत आला. असा तो कधी येत नसे.

"काऊन बे, कसा फेकून राहिला?"

"पाय लटपटून राहिले गा."

त्याने माझा उजवा हात धरला आणि म्हणाला, "दाब माया हात." मी दाबला. त्याचा चेहरा पाहिला आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. मी जीव तोडून दाबत होतो आणि त्याला काही लागतच नव्हतं.

गावात लगेच लकवा म्हणून बोंब झाली. कोणी तेल सांगितलं, कोणी झाडपाल्याचा वैद्य सांगितला. शालिक कोणाशी बोललाच नाही. त्याने जीप सांगितली, मला खांद्यावर टाकलं आणि वंदनाला म्हणाला, "वहिनी, दोन लुगडी घ्या अन बसा." गोंदियाच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय हलला नाही. त्यांनी त्याच पावली नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने सांगितलं, "तुमच्याच शरीराने चुकून तुमच्या नसांवर हल्ला केलाय. हे पायापासून वर चढतं. कुठंतरी थांबतं, मग हळूहळू उतरतं." मी विचारलं, "कुठं थांबते?" ते म्हणाले, "तेच बघायचंय." मंगळवारी हात गेले. बुधवारी गिळणं गेलं. गुरुवारी श्वास. तोंडातून नळी घालून मशीन लावलं आणि माझा आवाज बंद झाला.

आतला माणूस

हे मला त्या देवरीच्या माणसाला नीट सांगायचं होतं, म्हणून इथेही सांगतो. तुमचा माणूस पुतळ्यासारखा पडलेला दिसतो, पण आत तो पूर्ण जागा असतो. त्याला सगळं ऐकू येतं. माझ्या उशाशी उभं राहून एक दूरचा मामा म्हणाला होता, "आता काय राहिलं याच्यात." मामा, मी ऐकलं होतं. अजून तुमच्या घरी जेवायला आलो नाही ते उगीच नाही.

नाकाला खाज यायची. खाज म्हणजे काय चीज आहे हे हात गेल्याशिवाय कळत नाही. घशात कफ दाटायचा. पाठीखाली चादरीची एक चुणी दिवसभर टोचायची. आणि वंदना माझ्या तोंडाजवळ वाकून, रडत रडत, एका दमात दहा प्रश्न विचारायची. "पाणी पायजे का? दुखून राहिलं का? शीतलची आठवण येते का? काऊन असे पाहता जी?" मला फक्त डोळे हलवता येत होते. दहा प्रश्नांना एक डोळा काय उत्तर देणार? ती आणखी रडायची, मग मला तिचा राग यायचा, मग माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं आणि ते पाहून ती म्हणायची, "पाहा, यायले दुखूनच राहिलं." असे चार दिवस गेले. आम्ही दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर होतो आणि कधी इतके लांब नव्हतो.

पाचव्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला शालिक आत आला. बसायला स्टूल नव्हतं. तो माझ्या पायांच्या बाजूला, पलंगापासून जरा लांब, सवयीने उकिडवा बसला. उशी उंच केलेली होती, म्हणून मला तो पूर्ण दिसत होता. काय बोलावं ते त्याला सुचेना. एरवी शिव्यांशिवाय आमचं बोलणं नव्हतं आणि दवाखान्यात शिव्या कशा द्यायच्या? मी त्याच्याकडे पाहत होतो. आणि त्याचा हात आपोआप गुडघ्यांच्या मधे गेला.

एक बोट.

मी डोळे खाली केले. म्हणजे हो.

तो दचकला. दोन बोटं. मी डोळे बाजूला फिरवले. म्हणजे नाही.

"हा आहे!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की सिस्टर धावत आली. "सिस्टर, हा आत आहे! हा खेळून राहिला!"

अर्ध्या तासात आमचं ठरलं. एक म्हणजे कूस बदलायची. दोन म्हणजे कफ काढायचा. तीन म्हणजे खाज, मग तो कपाळ, नाक, कान असं बोट दाखवत जायचा आणि मी नाकाशी हो म्हणायचो. चार म्हणजे दुखतंय. शालिकने माझं नाक खाजवलं तेव्हा मला काय वाटलं, ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो. लगेच उठून त्याचे पाय धरावेसे वाटले.

दुसऱ्या बेसवर डॉक्टर

वंदनाला हे सांगितलं तर ती खूश होईल असं शालिकला वाटलं. कशाची खूश! बाहेर पॅसेजमध्ये ती त्याच्यावर कडाडली. मला आत काचेतून दिसत होतं, शब्द नंतर तिथंच बाहेर बसलेल्या दिलीपने सांगितले. "तेरा वर्सं संसार म्या केला, अन बोलते तो तुमच्यासंग? त्या बेसबॉलच्या भाषेत?" शालिक मान खाली घालून उभा. मग म्हणाला, "मंग शिका ना वहिनी. चार बोटं तर आहेत. मले काय तो जन्मभर खाजवाले लावते?"

ती शिकली. सिस्टर चांगली होती, तिने शिकण्यापुरतं दोघांना एकदम आत येऊ दिलं. वंदना शालिकच्या शेजारी, लुगडं सावरून, अगदी तशीच उकिडवी बसली. त्याच वेळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड आला. डॉक्टर आणि त्यांच्या मागची पाच-सहा शिकाऊ पोरं माझ्या उशामागे येऊन उभी राहिली आणि शालिकच्या हाताकडे टक लावून पाहू लागली.

आता विचार करा. माझ्या पाठीमागे उभं राहून कॅचरची बोटं पाहणारा माणूस म्हणजे कोण? दुसऱ्या बेसवरचा गडी! शालिकने सवयीने पहिली खूण खोटी दिली. चार. लगेच दुसरी खरी. तीन. मला ते कळलं, मी तिनाला हो म्हटलं. नाकच खाजत होतं. पण वंदनाला कोण सांगणार? तिने चार पाहिले, माझं हो पाहिलं आणि किंचाळली, "डॉक्टरसाहेब, यायले दुखून राहिलं!"

"कुठं?"

तिने घाबरून स्वतःच्याच छातीवर हात ठेवला.

बस्स. क्षणात पडदे ओढले, छातीला वायरी लागल्या, कोणी रक्त घेतलं, कोणी बाटली बदलली. मी डोळे गरागरा बाजूला फिरवतोय, नाही, नाही, नाही. ते पाहून एक शिकाऊ पोरगा म्हणाला, "सर, पेशंट अस्वस्थ आहे." आणि या सगळ्या गोंधळात माझं नाक तसंच खाजत होतं.

छातीच्या तपासणीच्या पट्टीत काही वाईट निघालं नाही तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी शालिकला पुढे बोलावलं. तो आरोपीसारखा उभा राहिला. "साहेब, माया गलती. तुमी दुसऱ्या बेसवर होते." मग त्याने सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर आधी ऐकत राहिले आणि मग चष्मा काढून इतके हसले, इतके हसले की शिकाऊ पोरांनाही धीर आला. मीही हसलो. चेहरा हलला नाही, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं आणि या वेळी वंदनाने ते बरोबर ओळखलं. "हसून राहिले मेले," ती म्हणाली आणि पदराने माझे डोळे पुसले. मग विचारल्याशिवायच माझं नाक खाजवलं.

डॉक्टरांनी चार खुणा कागदावर लिहून पलंगाला चिकटवायला लावल्या. खाली स्वतः एक ओळ लिहिली: दुसऱ्या बेसवर कोणीही नाही.

मूठ

त्यानंतर टीमने पाळ्या लावल्या. कोणी ना कोणी नागपूरला असायचंच. गावात माझा व्हॉल्व्ह दिलीप फिरवायचा आणि उशिरा पाणी सोडलं म्हणून बायांच्या शिव्या खायचा. पण खरी कॅचर आता वंदना झाली होती. तिने खुणा वाढवल्या. करंगळी म्हणजे शीतलचं काहीतरी सांगते, ऐकणार का? अंगठा म्हणजे मी जेवून येते. भांडणाचीसुद्धा खूण होती, ती इथं लिहीत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गळ्याला भोक पाडून नळी तिथं लावली. महिना झाला. आजार वर चढायचा थांबला होता, पण उतरायचं नाव घेईना. मशीन थोडा थोडा वेळ बंद करून पाहायचं ठरलं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत माझा जीव घाबराघुबरा झाला. विहिरीत बुडतोय असं वाटलं. मशीन पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मशीनला हात लावायच्या आधीच मी घाबरलो. डॉक्टर वंदनाला म्हणाले, "फुप्फुसं आता करू शकतात. पण हे घाई करतात." मी मनात ठरवून टाकलं होतं की आता नको. ती खूण आमच्याकडे नव्हती. असती आणि वंदनाने ती दाखवली असती, तर मी हो म्हटलं असतं. हे लिहायला लाज वाटते, पण तुमच्या घरातला माणूस तिथंवर पोचलेला असू शकतो, म्हणून लिहितो.

चौथ्या दिवशी सकाळी मशीन बंद केलं. माझी छाती भराभर उडायला लागली. वंदना पायांशी बसलेली. ती रडली नाही, तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिने गुडघ्यांच्या मधे हात नेला आणि मूठ वळली.

ती खूण तिला कोणी शिकवली होती? शालिकनेच. पण मला सांगितलं नव्हतं. बारा वर्षं मी ती मूठ पाहून थांबत आलो होतो. माझ्या डोक्याने विचार करायच्या आधी अंगाने ऐकलं. मी उंचवट्यावरून खाली उतरलो. हात पुसला. एक श्वास. पलीकडे मूठ तशीच. आणखी एक. तिने मूठ सोडली नाही. सात मिनिटं झाली तेव्हा सिस्टरने मला थोपटलं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. पुढच्या आठवड्यात मशीन माझ्या पलंगापासून नेलं आणि दुसऱ्या कोणाला तरी लावलं.

नळीवर बोट ठेवून पहिल्यांदा आवाज काढायला सांगितला तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. वंदना तर कान लावून वाकली होती. मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "पाणी सुटलं का गावात?"

"दीड महिन्यानं तोंड उघडलं, अन इचारलं काय, तर पाणी!" वंदनाने कपाळावर हात मारला. शालिक तिकडे भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला काय झालं होतं ते मी विचारलं नाही.

अजून एक

पुढचं सगळं हळू होतं. आजार जसा चढला तसाच उतरला, पण चढायला चार दिवस लागले आणि उतरायला वर्ष. आधी खांदे आले, मग कंबर, मग गुडघे. तळपाय शेवटी. टीम मला तलावाच्या पाळीवर चालवत न्यायची, दोघं दोन बाजूला. घरी मी चिडायचो, ताट ढकलायचो. एकदा शीतलवर ओरडलो आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आजारी माणूस बरा होताना फार वाईट वागतो. त्याला माफ करा, पण त्याच दिवशी नको, जरा वेळाने.

पिचिंग माझं संपलं, हे मला कळलं होतं. रात्रंदिवस त्याचंच दुःख होतं असं नाही, पण होतं. पुढल्या हंगामात पहिला सामना पुन्हा चिचगडशी आला. शालिक घरी येऊन म्हणाला, "पयला चेंडू तूच टाकशील. मंग बस बाहेर." मी म्हटलं, पोचणार नाही. तो म्हणाला, "म्या कुठं म्हटलं पोचलाच पायजे?"

मी गेलो. उंचवट्यावर चढायला दिलीपचा खांदा लागला. साठ फुटांवर शालिक उकिडवा बसला. चिचगडचा फलंदाज बॅट खांद्यावर घेऊन उभा. मी खुणेसाठी पाहिलं आणि शालिकच्या मागे, जाळ्यापलीकडे, वंदना दिसली. लग्नानंतर पहिल्यांदा ती मैदानावर आली होती. शीतल तिच्या शेजारी. मला वाटलं आता शीतल ओरडणार, आई म्हणते बस झालं.

शालिकने खूण दिलीच नाही. त्याने नुसतं मागे, जाळ्याकडे पाहिलं. वंदनाने चारचौघांत, पदर सावरत, एक बोट वर केलं. सरळ.

मी डोळे खाली केले आणि टाकला.

चेंडू तीन टप्पे पडला, घरंगळत गेला आणि शालिकच्या हातभर अलीकडे थांबला. शालिक जागचा हलला नाही. फलंदाजही हलला नाही. मैदानावर कोणी हसलं नाही आणि त्या शांततेचीच मला लाज वाटली. मी खाली उतरायला वळलो.

तेव्हा जाळ्यामागून आवाज आला. शीतलचा नव्हे. जी बाई बारा वर्षं मला मैदानावरून घरी बोलावत आली, तिचा.

"थांबता काऊन? अजून एक टाका जी!"